पोर्सिलेन आणि धातूचा जुना शोभेचा कलश: घरी कसा साफ करायचा आणि कुठे हात आवरायचा

घरातल्या जुन्या शोभेच्या कलशाबद्दल मला जे प्रश्न येतात, ते जवळजवळ सगळे साफसफाई झाल्यानंतरचे असतात. पितळ घासायच्या पावडरीने कलशाचे कान, म्हणजे बाजूच्या मुठी, घासले आणि सोनेरी रंग उडून खालचा तांबूस धातू दिसायला लागला. नळाखाली धरून धुतला आणि आठवड्याने बैठकीखालून तांबडं पाणी झिरपलं. कान धरून उचलला आणि कान हातात आला, कलश खाली. यातलं पहिलं नुकसान भरून निघत नाही, दुसरं फार थोडं भरून निघतं आणि तिसऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून हा लेख कामाला हात घालण्याआधी पूर्ण वाचा. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, कारण इथे बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

मी लिहितोय ते १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही काही काळ फ्रान्समध्ये सेव्र या तिथल्या नामांकित पोर्सिलेन कारखान्याच्या धर्तीवर बनलेल्या कलशांबद्दल. पोट गडद निळं किंवा फिरोजी, मधल्या मोकळ्या चौकटीत हाताने रंगवलेलं जोडपं किंवा निसर्गदृश्य, मागच्या बाजूला बहुधा फुलं. गळ्याला, पायाला आणि कानांना सोनेरी धातूचं नक्षीकाम, वर झाकण आणि झाकणावर बोंडी. मुंबईतल्या जुन्या घरांत, गोव्यातल्या मोठ्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत असे कलश अजून आहेत, आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर अधूनमधून विकायला येतात. ड्रेस्डेन किंवा व्हिएन्ना धर्तीच्या कलशांनाही हीच पद्धत चालते.

## १. हातात काय आहे ते ओळखा

सर्वांत मोठा गैरसमज असा की हे एक भांडं आहे. ते एक भांडं नाही. पाय वेगळा, पोट वेगळं, गळा बऱ्याचदा वेगळा, आणि प्रत्येक जोडावर धातूचं कडं. हे सगळं आतून जाणाऱ्या एका आटे पाडलेल्या लोखंडी सळईवर ओवलेलं असतं, आणि खाली बैठकीत एका नटाने आवळलेलं असतं. पोटात हात घालून पाहिलंत तर तळाशी सळईचं टोक किंवा दुसरा नट लागतो. काही कलशांत जोडाच्या आत प्लास्टर ऑफ पॅरिसही भरलेलं असतं.

म्हणजे एका वस्तूत निदान पाच पदार्थ आहेत. पोर्सिलेन, त्यावरची झिलई (भाजलेला काचेसारखा थर), झिलईवरचे रंग आणि सोनं, बाहेरचा मुलामा दिलेला धातू, आणि आतलं लोखंड. पोर्सिलेनला पाणी चालतं, लोखंडाला आणि प्लास्टरला अजिबात चालत नाही. धातूला घासणं चालत नाही. सोन्याला तर दोन्ही जपून.

रंगांबद्दल एवढं लक्षात ठेवा. कठीण पोर्सिलेन सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं, पण चौकटीतलं चित्र झिलईच्या वर रंगवून पुन्हा साधारण ७०० ते ९०० अंशांना भाजतात. त्यामुळे चित्र झिलईइतकं कणखर नसतं. या रंगांत शिशाचं प्रमाण असतं आणि आम्ल किंवा क्षार लागला की त्यांची चमक मरते. सोन्याची वेलबुट्टी तर पृष्ठभागावर नुसता पातळ थर असते. निळ्या पोटावरची सोनेरी रेघ एखाद्या ठिकाणी पुसट झालेली दिसली, तर ती बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांच्या फडक्याने गेलेली आहे.

आता धातू. कानाच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या कडेला जिथे मुलामा झिजलाय तिथे भिंगाने पाहा. खाली पिवळसर-तांबूस दिसलं तर ब्राँझ किंवा पितळ आहे. शिशासारखं करडं दिसलं तर जस्ताचा स्वस्त मिश्रधातू आहे, ज्याला स्पेल्टर म्हणतात. स्पेल्टर ठिसूळ असतो, वाकत नाही, मोडतो. त्याच्यावरचा सोनेरीपणा कित्येकदा नुसत्या रंगीत लाखेचा असतो.

ब्राँझवरचा जुना मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने दिलेला असू शकतो, आणि त्यात पाऱ्याचा अंश राहतो. हात लावायला त्याचा धोका फार नाही, पण त्याला तापवू नका, पॉलिश पेपर लावू नका आणि हातात नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे ठेवा.

तपासून पाहा: झाकणाच्या आत किंवा पोटाच्या तळाशी एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘एल’ची निळी खूण असेल तर तिचा फोटो काढा आणि तिला तसंच सोडा. ही खूण १९व्या शतकात इतक्या कारखान्यांनी उचलली की एकट्या तिच्यावरून वय किंवा किंमत ठरत नाही. पण घासून ती गेली तर पुढच्या माणसाला तपासायला काहीच उरणार नाही.

## २. पाहणी, आणि ती उजेडात

साफसफाईच्या दिवशी पाहणी करू नका, आदल्या दिवशी करा. दोन्ही एकत्र केलं की माणूस घाई करतो आणि जे दिसतं ते “ठीक आहे” म्हणून सोडून देतो.

कलश जागेवरच राहू द्या. मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उजेड तिरका पडेल. अशा उजेडात चार गोष्टी दिसतात.

केसासारखी चीर. पायाच्या कडेला आणि कानांचे स्क्रू जिथे पोटात शिरतात तिथे आधी पाहा. चीर जुनी असेल तर तिच्यात मळ बसून ती तपकिरी दिसते.

जुना जोड. जोडावर रंग मारून वरून वार्निश दिलेलं असतं, ते कालांतराने पिवळं पडतं आणि भोवतालच्या झिलईपेक्षा किंचित मऊ, मेणचट दिसतं. नखाने हलकेच टकटक केली तर झिलईचा आवाज कडक येतो, रंगवलेल्या भागाचा बसका. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर खोलीत अंधार करून फिरवा. जुनं वार्निश आणि डिंक बऱ्याचदा दुधी किंवा पिवळट उजळतात. काहीच उजळलं नाही म्हणून जोड नाही असं मात्र समजू नका.

पोपडे. चित्रातल्या जाड थरांवर, विशेषतः पांढऱ्या उठावदार ठिपक्यांवर, कडा सुटल्या आहेत का पाहा.

हिरवट किंवा तांबूस डाग. धातूच्या कड्याखाली हिरवं दिसलं तर तो कळंक, म्हणजे तांब्याचा गंज. जोडातून तांबूस ओघळ दिसला तर आतली सळई गंजते आहे. लोखंड गंजताना फुगतं आणि आतून पोर्सिलेनला तडा देतं.

चारही बाजूंनी, झाकणाचे वेगळे आणि बैठकीच्या कडेचे असे फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढे दोन-तीनदा उपयोगी पडतात.

इथेच थांबा जर पोपडे सुटलेले असतील, जोडातून गंज ओघळत असेल, किंवा बोटाने हलकं दाबल्यावर पोट पायावर हलत असेल. अशा कलशाची फक्त वरवरची धूळ मऊ कुंचल्याने काढा, आणि पोपडे असतील तिथे तीही नको. पुढचं काम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतन-दुरुस्तीच्या तज्ज्ञाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करून योग्य माणसापर्यंत पोचता येतं.

## ३. वेळ, जागा आणि सामान

पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की जोडात शिरलेला थेंब दिवसेंदिवस वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवाळीच्या साफसफाईत हा कलश धरू नका. घरात पाहुणे, दारात रंगारी आणि हातात दहा कामं असताना हे होणार नाही.

टेबल भिंतीला लागून, त्यावर जाड टॉवेलची दुहेरी घडी, त्यावर पांढरं सुती कापड. पांढरं अशासाठी की एखादा कण किंवा पोपडा पडला तर लगेच दिसतो. पंखा बंद. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

सामान थोडंच लागतं:

- दोन मऊ कुंचले, नैसर्गिक केसांचे. एक पोर्सिलेनसाठी, एक धातूसाठी. कुंचल्याचे केस जिथे दांडीला बसवलेले असतात तिथला पत्रा कागदी चिकटपट्टीने गुंडाळून घ्या, नाहीतर तोच पत्रा सोन्यावर ओरखडा काढतो.
- कापूस आणि बांबूच्या बारीक काड्या. बाजारचे इअरबड चालतात, पण काडीवर स्वतः कापूस गुंडाळला तर टोक हवं तेवढं बारीक करता येतं.
- डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं सीलबंद मिळतं तेच. लेबल नीट वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये विकतात.
- रंग, वास आणि लिंबू नसलेला सौम्य, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, क्षारही नाही असा) लिक्विड साबण. एक लिटर पाण्याला तीन-चार थेंब, त्याहून जास्त नाही.
- दोन काचेच्या वाट्या, सुती फडकी, नायट्राइलचे हातमोजे, भिंग.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग सोडतात, आणि क्लोराइड धातूच्या सांध्यात बसून कळंक वाढवतात.

आता घरात काय बाजूला ठेवायचं ते. चिंच, लिंबू, कोकम, ताक, पितळ घासायची पावडर, रांगोळी, राख, खायचा सोडा, टूथपेस्ट, व्हिनेगर, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, ब्लीच, नेलपॉलिश रिमूव्हर. देवघरातल्या समईला यातलं बरंच काही चालतं, कारण समई भरीव पितळेची असते आणि घासून दर वेळी नवं पितळ वर येतं. इथे वरचा सोन्याचा थर केसाहूनही कितीतरी पातळ आहे आणि त्याच्याखाली दुसरा थर नाही.

तपासून पाहा: हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढलंय? गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र आत टाकलंय? पदर किंवा ओढणी खोचली आहे? कलशावर वाकताना लोंबणारी प्रत्येक गोष्ट कानात अडकते.

## ४. उचलण्याची रीत

आधी झाकण काढा. ते बोंडीला धरून ओढू नका. बोंडीही कित्येकदा स्क्रूवर बसवलेली असते आणि फिरून हातात येते. झाकणाच्या कडेला दोन्ही बाजूंनी धरा, सरळ वर उचला, टेबलाच्या आतल्या बाजूला उलटं न करता ठेवा.

मग कलश. एक हात बैठकीखाली, दुसरा पोटाच्या खालच्या अर्ध्या भागावर. कान, गळा, काठ यांना धरायचं नाही. दोन हात लागतातच, आणि उंची दीड-दोन फुटांहून जास्त असेल तर दोन माणसं लागतात. उचलताना पोट पायावर गोल फिरू देऊ नका, कारण तसं फिरलं की आतला नट सैल होतो किंवा सळईची कड पायाच्या भोकावर घासते आणि तिथेच चीर पडते.

सुती हातमोजे घालून उचलू नका, झिलईवर ते घसरतात. पोर्सिलेनला कोरडे स्वच्छ हात किंवा नायट्राइल, धातूला मात्र नेहमी नायट्राइल. घामाने धातूवर उमटलेले बोटांचे ठसे काही महिन्यांनी काळे पडलेले मी पाहिले आहेत, आणि ते पुसून जात नाहीत.

जागा मोकळी झाली का, दार उघडं आहे का, वाटेत सतरंजीची कड दुमडलेली नाही ना, हे उचलण्याआधी पाहायचं.

## ५. कोरडी धूळ

ही पायरी लोक उरकून टाकतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक हिच्यानेच पडतो. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती असताना ओला कापूस फिरवला की ती सोन्यावर पॉलिश पेपरसारखी चालते.

वरून खाली या. पोर्सिलेनचा कुंचला हलक्या हाताने, एकाच दिशेने. घासायचं नाही, झटकायचं. नक्षीच्या खोबणीतून धूळ सुटते ती उचलायला व्हॅक्युम क्लीनर कमी जोरावर ठेवा, नळीच्या तोंडाला नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबराने बांधा, आणि नळी कलशापासून वीतभर दूर धरा. एखादा तुकडा सुटला तर तो मोज्यावर अडकेल, पिशवीत जाणार नाही.

मग धातू, दुसऱ्या कुंचल्याने. पानांच्या, माळांच्या घड्यांमध्ये जुन्या मेणाचा आणि धुळीचा काळा थर बसलेला असतो. तो आता काढायचा नाही. फक्त सुटी धूळ.

पिसांचं डस्टर आणि मायक्रोफायबरचं फडकं दोन्ही नको. नक्षीच्या टोकांत त्यांचे धागे अडकतात आणि ओढले की पान मोडतं.

उदबत्तीच्या धुराजवळ राहिलेल्या कलशावर धूळ कोरडी नसते, चिकट असते, कुंचल्याला जुमानत नाही. जोर लावू नका, ती पुढच्या पायरीत जाईल.

## ६. रंगाची चाचणी

सगळं ओलं करायच्या आधी प्रत्येक रंगावर एकेक छोटी चाचणी. जागा मागच्या बाजूची निवडा. साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापूस बुडवा, वाटीच्या कडेवर दाबून निथळवा, रंगावर हलकेच टेकवा, काडी दोन बोटांत फिरवत पुढे न्या, आणि उचलून कापूस पाहा.

करडा किंवा तपकिरी आला तर तो मळ. गुलाबी, तांबडा, निळा, सोनेरी असं काहीही आलं तर तिथे पाणी लावायचं नाही. भाजलेला रंग पाण्याने निघत नाही, म्हणजे जो निघाला तो नंतर कुणी तरी वरून लावलेला आहे. तांबडा रंग आणि सोनं यांच्यावर जास्त लक्ष द्या. हे दोन्ही मुळातच कमजोर बसलेले असतात.

पिवळट कापूस आला आणि बोटाला किंचित चिकट लागलं तर जुनं वार्निश आहे, म्हणजे खाली जोड आहे. त्या भागाभोवती बोटभर अंतर सोडून काम करा. तो जोड पाहणीत दिसला नसेल तर आता फोटोवर खूण करून ठेवा.

चाचणी नीट गेली तरी स्पिरिट, अल्कोहोल, थिनर यांच्याकडे वळू नका. जुने जोड कित्येकदा लाखेचे असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

## ७. पोर्सिलेनवरचं ओलं काम

एक वाटी साबणाच्या पाण्याची, एक साध्या डिस्टिल्ड वॉटरची. पाणी खोलीच्या तापमानाचं. गरम पाणी नको, कारण पोर्सिलेन, धातू आणि जुना डिंक प्रत्येकाचं प्रसरण वेगळं.

तळहाताएवढा भाग घ्या. त्याच्यावर साबणाचा कापूस, मग साध्या पाण्याचा कापूस, मग कोरडा कापूस. तिन्ही झाल्यावरच पुढचा भाग. “सगळं साबणाने पुसून घेऊ, मग एकदम धुऊ” असं केलं की साबण वाळून सांध्यात बसतो, आणि तो काढायला कुणी तरी कलश नळाखाली नेतोच.

कापूस घासायचा नाही, लोळवायचा. काडी बोटांत फिरत राहते आणि मळ उचलला जातो. एक फेरा झाला की कापूस बदला. मळका कापूस दुसऱ्यांदा वापरला तर आधीची धूळ पुन्हा सोन्यावर फिरते. एका मध्यम कलशाला ओंजळभर कापूस सहज लागतो, त्यात काटकसर करू नका.

चित्राची चौकट शेवटी घ्या. आधी साधा निळा भाग, मग फुलं, मग चौकट, तोपर्यंत हाताला दाब कळलेला असतो. सोन्याच्या वेलबुट्टीवर साबण लावायचाच नाही, साध्या पाण्याचा जेमतेम ओला कापूस एकदा लोळवा आणि लगेच कोरडा टेकवा. मळ थोडा राहिला तर राहू दे.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची जागा: धातूचं कडं जिथे पोर्सिलेनला टेकतं ती रेघ. तिथे वर्षानुवर्षांचा काळा मळ असतो आणि डोळा सारखा तिकडेच जातो. ओला कापूस त्या रेघेत दाबला की पाणी कड्याखाली शिरतं, तिथून सळईच्या भोकात, आणि तिथे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून कड्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर ओलं काम थांबवा. उरलेल्या पट्टीसाठी कापूस ओला करून दोन फडक्यांत पिळून काढा, इतका की बोटाला गार लागेल पण ओल उमटणार नाही. तो कड्यापासून बाहेरच्या दिशेने फिरवा, कड्याकडे कधीच नाही.

चिरेवर पाणी नको. मळलेली चीर पांढरी करायची म्हणून ब्लीचचा बोळा ठेवण्याचा सल्ला इंटरनेटवर फार फिरतो. ब्लीचचे क्षार चिरेत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात, आणि शेजारच्या मुलाम्याचीही वाट लागते.

पोटाच्या आत पाणी ओतायचं नाही. आतली धूळ लांब काडीच्या कुंचल्याने आणि व्हॅक्युमने काढा.

## ८. धातू

धातू शेवटी, कारण पोर्सिलेनवरून येणारी ओल आणि मळ कड्यावरच उतरतो. तो आधी साफ केलात तर पुन्हा करावा लागेल, आणि इथे प्रत्येक फेऱ्यात मुलामा थोडा थोडा जातो.

लाखेचा सोनेरीपणा किंवा स्पेल्टर असेल तर कोरडा कुंचला एवढंच. पुढे जाऊ नका.

ब्राँझवर मुलामा शाबूत असेल तर डिस्टिल्ड वॉटरचा जेमतेम ओला कापूस लोळवा आणि मागोमाग कोरडा. साबण नको, पॉलिश तर नकोच. जुना मुलामा मुळात सगळीकडे सारखा चमकत नाही. कारागिराने काही भाग घोटून चकचकीत केलेले असतात आणि काही मुद्दाम मंद ठेवलेले असतात. पानाची शीर चमकते, पानाचं पोट मंद असतं, त्यामुळे पान उठून दिसतं. मंद भागाला मळ समजून तो चकाकेपर्यंत घासणं ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक आहे, कारण ती हौसेने आणि प्रेमाने केली जाते, आणि त्यानंतर ते पान सपाट दिसतं ते कायमचं.

खोबणीतला काळा मेणचट थर बांबूच्या काडीने. टोक तिरकं कापून, पाण्यात भिजवून मऊ करा, फडक्यावर टिपा, मग खोबणीत हलकेच फिरवा. टाचणी, सुई, चाकूचं टोक, तारेचा ब्रश नको. जे दोन-तीन फेऱ्यांत निघत नाही ते तसंच ठेवा. खोबणीतला थोडा काळेपणा नक्षीला खोली देतो.

कळंकाचा हिरवा कण कोरडा आणि सुटा असेल तर कोरड्या बांबूच्या काडीने उचला, आणि तो पोर्सिलेनवर पडू देऊ नका. त्यासाठी खाली कागदाची घडी धरा. हिरवा थर पसरलेला असेल आणि काढल्यावर काही आठवड्यांत पुन्हा उगवत असेल, तर कॉन्झर्व्हेटरला दाखवा.

थांबा: कान निसटलाय म्हणून तांबटाकडे डाख लावायला, किंवा रंग गेलाय म्हणून गिलिट करून घ्यायला नेऊ नका. दोन्ही कारागीर आपल्या कामात तरबेज असतात, पण ते काम वेगळ्या वस्तूंचं आहे. डाखाच्या उष्णतेने जुन्या मुलाम्यातला पारा वाफ होऊन उडतो आणि कारागिराच्या नाकातोंडात जातो. नवं गिलिट चढवायच्या आधी बफिंग होतं, आणि त्यात उरलंसुरलं जुनं सोनं नाहीसं होतं.

## ९. नट आणि सळई

कलश जरा डुगडुगतो म्हणून बैठकीखालचा नट पाना लावून आवळणं हा पाय फोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पोर्सिलेन दाब सहन करतं, पण सगळीकडून सारखा. एका बाजूने ताण आला की तडा भोकापासून सुरू होतो.

कलश आडवा करायचा नाही. बैठक टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढून, एकाने दोन्ही हातांनी कलश धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने खालून फक्त बोटांनी नट फिरवून पाहायचा. बोटांनी जेवढा आवळला जाईल तेवढाच. गंजून घट्ट बसला असेल तर त्याला हात लावू नका. गंज सोडवायचं तेलही फवारू नका. तेल सळईवरून वर चढतं, न झिलई केलेल्या कडांत आणि चिरांत शिरतं, आणि तिथे पिवळा डाग कायम राहतो.

नट आणि पोर्सिलेनमध्ये कातड्याचं किंवा बुचाचं वॉशर असायला हवं. ते कुजलं असेल तर कलश सुटा करावा लागतो, आणि घरी कलश सुटा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## १०. वाळवणं

उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही. सावलीत, झाकण वेगळं ठेवून, पूर्ण एक दिवस आणि रात्र. बैठकीखाली दोन लाकडी पट्ट्या सरकवून खालून हवा जाऊ द्या, पट्ट्या सारख्या जाडीच्या हव्यात. दुसऱ्या दिवशी बैठकीखाली पांढरा टिश्यू कागद सरकवून काही तास ठेवा. त्यावर तांबूस ठिपका उमटला तर आत पाणी गेलंय. अशा वेळी कोरड्या खोलीत, जमल्यास डीह्युमिडिफायर लावून, आणखी काही दिवस राहू द्या आणि आधी काढलेल्या फोटोंशी ताडून पाहा.

## ११. परत जागेवर

नीट जागा मिळाली तर ओलं काम दर वर्षी करावं लागत नाही. मऊ कुंचल्याने महिन्या-दोन महिन्यांतून धूळ काढली की पुरतं.

स्वयंपाकघराला लागून नको, फोडणीची तेलकट वाफ सगळ्यात आधी नक्षीत बसते. देवघर, उदबत्ती, एसीच्या खाली, दाराच्या मागे, या जागा नकोत. समुद्राजवळच्या घरात शक्य असेल तर काचेच्या कपाटात ठेवा आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. पुडी दर पावसाळ्यात बदलायची.

आत पाणी घालून फुलं ठेवू नका. दिवा करण्यासाठी तळाला भोक पाडू नका. चिल्लर, चाव्या, बिलं ठेवायची सवय घरात असेल तर झाकण बसलेलंच राहू द्या.

संगमरवरी किंवा काचेच्या फळीवर कलश हळूहळू सरकतो, विशेषतः रस्त्यालगत किंवा रेल्वेलगतच्या इमारतीत. बैठकीच्या धातूखाली तीन ठिकाणी वाटाण्याएवढं म्युझियम वॅक्स (वस्तू जागेवर धरून ठेवणारं मऊ मेण) लावून हलकेच दाबा. पुढे उचलायचा असेल तेव्हा सरळ वर ओढू नका, आधी बैठक किंचित फिरवून मेण सोडवा. दुहेरी चिकटपट्टी वापरू नका. ती सुटत नाही आणि सोडवताना बैठक वाकते.

## १२. दुसऱ्या गावी किंवा परदेशी न्यायचा असेल तर

झाकण वेगळ्या खोक्यात. कलशाला आधी ॲसिडफ्री टिश्यू, मग फोम, मग बबल रॅप. बबल रॅप थेट लावला तर दमट हवेत त्याच्या गोल खुणा मुलाम्यावर उमटतात. वर्तमानपत्राची शाई सोन्यावर उतरते, तेही नको. कानांच्या पोकळीत टिश्यूचे बोळे सैल भरा, ठासून नाही. खोकं खोक्यात ठेवा, दोहोंमध्ये चारही बाजूंनी चार बोटं फोम. कलश उभाच जायला हवा, आणि “आडवं ठेवू नये” हे खोक्याच्या चारही बाजूंनी मराठी-हिंदीत लिहा. पॅकर्सच्या माणसांना कुठे धरायचं ते तोंडी सांगा आणि एकदा करून दाखवा.

परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे न्यायचा विचार असेल तर आधी कायदा पाहा. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कलश त्याहून नवा आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘नॉन-अँटिक्विटी’ प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पाहणीच्या वेळी काढलेले फोटो, खुणेचा फोटो आणि खरेदीचा काही कागद असेल तर तो, हे सगळं अर्जाच्या आधी एकत्र ठेवा. तिकीट काढल्यावर ही धावपळ सुरू केली तर वेळ पुरत नाही.